ऐनातला राखणदार

"लाकूर कुठला, तां आंगोदर सांग," हे वामनचं ठरलेलं. कोणी होडी बांधायला सांगो की देव्हारा, तो आधी हेच विचारायचा. समोरचा अडखळला की हत्यारांची पिशवी खांद्याला लावून चालू पडायचा. खाडीकाठच्या गावांत असा ताठ सुतार दुसरा नव्हता. बोटाच्या पेराने फळीवर टकटक करी आणि आतली अळी कुठवर पोचली ते सांगे.

पुढे भातखाचरं गेली, होड्या थोड्या उरल्या आणि नेरूळात खोक्यांवर खोकी चढली. त्या खोक्यांत राहायला आलेल्यांना खिडकीसमोरचं झाड ओळखता येत नसे. पण झाडांविषयीची जाडजूड पुस्तकं ठेवायला मांडण्या हव्या असत. वामन मांडण्या करू लागला.

शहाऐंशी साली त्याने कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या सुधीर सरांना ऐनाच्या झाडाच्या जुन्या फळ्यांची मांडणी करून दिली. उन्हाळ्यात त्या फळीतून एक किडा निघाला. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, काळ्या अंगावर तांबड्या-पांढऱ्या चौकटी, अंगभर ताठ केस. लाकूड पोखरणाऱ्या अळ्या खाणारा हा किडा वामनच्या बापालाही ठाऊक होता. ऐनात तो दिसला की बाप म्हणे, राहू दे, आपला राखणदार आहे. सरांनी त्या राखणदाराला बाटलीत घालून मारलं, टाचणीवर चढवलं आणि चार महिने भिंगाखाली त्याच्या मिशांची पेरं मोजली. शेवटी जाहीर केलं, जगाला ठाऊक नसलेली नवी जात!

त्या किड्यावरचा शोधलेख पोस्टात पडायच्या आदल्या दिवशी त्यांनी वामनला बोलावलं. "वामनदादा, आभारात तुमचं नाव घातलंय. छापून येणार!"

लेख इंग्रजी. सरांनी आभाराच्या ओळीखाली मराठीत नाव लिहून दाखवलं. वामनने बोट ठेवून ते वाचलं, मग पुन्हा वाचलं. साठ वर्षांत मतदारयादी सोडून ते कुठे छापलं नव्हतं.

"आन् वर काय लिवलास?"

"किडा नेरूळचा, इथल्याच लाकडातला. म्हणून नावही नेरूळवरून ठेवलं."

वामन हसला, पण डोळे हसले नाहीत. "मास्तर, नेरूलला ऐन कवा व्हता? हितं भात न् मीठ. ह्यो लाकूर कर्नाल्याच्या मांगच्या डोंगराचा. माज्या बापानं बैलगारीनं आनलेला."

सरांनी घसा खाकरला. "आता सगळ्यांना कळवून झालंय. शनिवारी सत्कार आहे. सापडला तर इथेच ना? चालतं तेवढं."

"किऱ्याचं पाय मोजलंस, मिशा मोजल्यास. मना येक सवाल नाय इचारलास."

"अहो, तुमचं नाव येतंय ना, दादा!"

"त्योच तर वांदा हाय. वर खोटा लाकूर न् खाली माजा नाव? गाव बोलंल, वामनला ऐन वलखत नाय."

त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि आपल्या नावावर रेघ मारली. फळीवर मारावी तशी, एका दमात, सरळ.

चहा तसाच ठेवून तो जिना उतरला. आत सर ती रेघ पुसायला खोडरबर शोधत होते. गॅलरीत सरांची बायको स्मिता उभी होती. बिनझाडांच्या त्या रुंद रस्त्यावरून पिशवी खांद्याला लावून वामन खाडीकडे चालला होता. वळण येईपर्यंत ती बघत राहिली. त्याने मागे पाहिलं नाही.