फोन त्याच्या तोंडाशी धरा

ठाणेदारीणबाई,

रागावू नकोस, हे नाव मी ठेवलेलं नाही. जनावरांच्या दवाखान्यात तुझ्या टेबलासमोरच्या बाकावर आपापली कुत्री घेऊन बसणाऱ्यांनी ते ठेवलं आहे. रांग मोडणाऱ्याला तू नुसत्या भुवईने जागेवर बसवतेस, त्याला दुसरं काय म्हणायचं?

पुढचं सगळं तुला ठाऊक आहे, तरी लिहिते. कारण तू सांगायला लागलीस की अर्धं गिळतेस आणि उरलेल्या अर्ध्यात दुसऱ्यांचं कौतुक करतेस. शिवाय हे चार लोकांनी वाचावं असं मला वाटतं.

आमच्या म्हाताऱ्या कुत्र्याची नखं कापायला मी आले होते. तू एक गुळगुळीत कागद माझ्यापुढे सरकवलास. पशुवैद्यकीय स्वागतिकांची परिषद, दोन दिवस. प्रत्येक स्वागतिकेने सोबत एक समाधानी पशुपालक आणावा.

"मावशी, येता का?"

"मी आणि समाधानी? कोणी उठवली ही अफवा?"

"बाकीचे फार गोड बोलतात हो. तिथं माझी वाट लावतील. तुम्ही निदान खरं बोलाल."

स्वागतिका! एकोणीस वर्षं त्या खुर्चीवर बसून तू एकाचंही स्वागत केलेलं मी पाहिलेलं नाही.

खरी गोम तू बाहेर पायरीवर सांगितलीस. परिषदेत फोन उचलणारं यंत्र विकायला येणार होतं. डॉक्टर तुला म्हणाले होते, "ताई, बघून या. आपल्याकडे चालेल का, तुम्हीच सांगा." म्हणजे बोकडालाच सुरीची धार बघायला पाठवलं! यंत्र चाललं तर तुझी खुर्ची गेली, हे तुलाही कळत होतं आणि मलाही. डॉक्टरांना कळत होतं का, हे मी अजून ठरवलेलं नाही. गाईच्या पोटात हात घालून आडवं वासरू सरळ करणारा माणूस, पण समोरच्या बाईचा चेहरा काही त्याला वाचता येत नाही.

निघताना तुझा नवरा म्हणाला, "फोन उचलायला शिकायला दोन दिवस?" तो शाळेची बस चालवतो. हॉर्न वाजवला की जगातली सगळी कामं होतात अशी त्याची समजूत आहे.

हॉटेलच्या तळघरात दोनशे बायका बसल्या होत्या. प्रत्येकीला एक पिशवी, न उमटणारं पेन आणि हातात मावेल एवढा आरसा. प्रमुख पाहुणे चाळीस मिनिटं घोड्यांवर बोलले, कारण त्यांच्याकडे कधीकाळी एक घोडा होता. मग प्रशिक्षक आले. तुकतुकीत चेहरा, जाकीट; आयुष्यात साधा मासा पाळला नसावा. त्यांचं म्हणणं, हसू फोनवरून ऐकू जातं, तेव्हा सगळ्यांनी आरशात बघून हसत म्हणा, "नमस्कार, मी आपली काय मदत करू?" दोनशे बायका आरशात बघून हसू लागल्या. तू आरशात बघून दातात अडकलेलं काहीतरी काढलंस आणि आरसा पिशवीत टाकलास. तिथेच मला वाटलं, पैसे वसूल. माझे नव्हतेच, तरी.

दुपारी प्रशिक्षकांनी तुला मंचावर बोलावलं. ते झाले ग्राहक, तू झालीस तू. "हॅलो," ते कळवळून म्हणाले, "माझा कुत्रा सकाळपासून कसंतरीच करतोय हो." अपेक्षित उत्तर पडद्यावर लिहिलेलंच होतं: आधी नमस्कार, मग नाव, मग नंबर, मग वेळ.

तू म्हणालीस, "फोन त्याच्या तोंडाशी धरा."

"अं?"

"कुत्र्याच्या. तोंडाशी. धरा लवकर."

तुझी ही पद्धत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. फोन आला की तू माणसाचं फारसं ऐकतच नाहीस. "मालक खोटं बोलतो, श्वासाला ते जमत नाही," असं तुझं म्हणणं. अर्धा मिनिट जनावराचा श्वास ऐकतेस आणि सांगतेस, उद्या या, किंवा आत्ता निघा. आमच्या गल्लीतल्या निवृत्त न्यायाधीशांनी एकदा त्यांच्या कुत्रीची नखं कापायची वेळ मागायला फोन केला. तू श्वास ऐकलास आणि म्हणालीस, "नखं राहू द्या साहेब, पायात चप्पल घाला." ती कुत्री त्यानंतर चार वर्षं जगली.

प्रशिक्षकांकडे कुत्रा नव्हता. दोनशे बायका बघत होत्या. शेवटी त्यांनीच जीभ बाहेर काढली आणि हा हा हा करू लागले. तू डोळे मिटून पूर्ण अर्धा मिनिट ऐकलंस. बिचारे लालबुंद झाले.

"कुत्रा ठणठणीत आहे," तू म्हणालीस. "धाप मालकाला लागलीये. त्यांना कुठंतरी दाखवा."

तळघर दणाणलं. मी तर डोळे पुसत होते. तुला दहापैकी दोन गुण मिळाले: नाव विचारलं नाही, आभार मानले नाहीत, स्मित शून्य. नंतर समाधानी पशुपालक म्हणून माझ्या हातात माईक आला. मी म्हटलं, या बाईने मला तीनदा दवाखान्यातून हाकललं आहे आणि तिन्ही वेळा तिचंच बरोबर होतं. माईक ताबडतोब काढून घेतला गेला.

इथवर सगळं छान होतं. यंत्र तू बघितलं होतंस. मधाळ आवाजात ते "आपल्या लाडक्या मित्रासाठी एक दाबा" म्हणत होतं. श्वासबिस त्याच्या गावीही नव्हता. परत जाऊन डॉक्टरांना एवढंच सांगायचं होतं, की याला ऐकता येत नाही. खुर्ची वाचली असती.

पण यंत्रवाला वही आणि दोन कप चहा घेऊन आला. "ताई, ते श्वासाचं जरा समजावून सांगाल?"

आणि तू विरघळलीस! ठाणेदारीण! घरघर कशी, शिट्टी कशी, पाण्यातून आल्यासारखा आवाज कसा, दोन श्वासांच्या मधली फट किती असली तर घाबरायचं. आवाज काढून दाखवलेस. त्याने सगळं फोनवर रेकॉर्ड केलं. मी मागे उभी राहून मुद्दाम खोकत होते, तर तू मान वळवून म्हणालीस, "मावशी, कोरडा आहे, काळजी नको."

शेवटी तुला दंडाला धरून बाजूला ओढलं. "अगं, तोंड आवर! स्वतःच्या हाताने खुर्ची उचलून देते आहेस त्याला!"

"अहो, एकोणीस वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं."

यावर मी तुला मूर्ख म्हटलं.

दोन महिन्यांत यंत्र दवाखान्यात आलं. "श्वास ऐकवण्यासाठी तीन दाबा." डॉक्टर तुलाच म्हणाले, "बघा ताई, अगदी तुमच्यासारखं ऐकतं!" तीन महिने दोघं शेजारी बसा, मग बघू, असं ठरलं.

पंधरा दिवसांपूर्वी तू टेबलामागून उठून माझ्याकडे आलीस. हातात त्या यंत्रवाल्याचं कार्ड.

"मावशी, त्यांना एक मेल लिहाल? तुमची भाषा चांगली आहे. मी सगळं कुत्र्यांचंच सांगितलं. मांजराचं राहूनच गेलं. कुत्र्याने तोंड उघडून धापा टाकल्या तर पुष्कळदा काही नसतं. मांजराने टाकल्या तर क्षणभर थांबायचं नाही. ते यंत्र त्याला उद्याची वेळ देईल हो."

"देऊ दे. मग कळेल डॉक्टरांना, तू कशाला लागतेस ते."

"आणि मांजर?"

मी कार्ड घेतलं आणि हो म्हटलं. पहिल्यांदा तू विचारलंस तेव्हा सांगितलं, नेट बंद होतं. दुसऱ्यांदा गुडघेदुखी पुढे केली. तोवर मांजराचा प्रत्येक फोन तू यंत्राकडून हिसकावून घेते आहेस, आणि डॉक्टर दारात उभे राहून बघतात. बघू देत चांगलं. तीन महिने संपायला अजून पाच आठवडे आहेत.

कार्ड माझ्या पर्समध्ये आहे. मेल पाठवलेला नाही.