गैरहजर माणसाच्या फौजेवर हल्ला नाही

मित्रांनो, आज दुपारी महाल मोहल्ल्यातल्या माझ्या खोलीत आमचा युद्धाचा बोर्ड गेम कायमचा अडकला.

आमचा घरचा नियम साधा आहे. जो आला नाही, त्याच्या फौजेवर हल्ला करायचा नाही. एक गोटी म्हणजे हजार सैनिक. आम्हा पाच खेळाडूंतले तिघं नोकरीसाठी पुण्याला गेले, त्यांच्या गोट्या जागेवरच राहिल्या.

आज मी अन् प्रफुल्ल दोघंच. मधे सगळीकडे त्या तिघांच्या फौजा. लढायचं तरी कोणाशी?

डोकं फिरलं माझं. "मोडू गा हा नियम!"

"काहून मोडतं? दिवाळीले येतीन ना ते." मग खाली पाहत म्हणाला, "मलेही हैदराबादले नोकरी लागली. माह्या गोट्या हलवू नको."

तो गेला. नकाशावर हजारो सैनिक उभे आहेत अन् खेळायला मी एकटा.

सांगा, असा डाव आवरायचा कसा?