थेल्माचं एक बोट

गिप्सलंड प्रांतातल्या यिनारा गावात थेल्मा प्रिडोच्या हाताची पकड सगळ्यांना माहीत होती. परकर-फ्रॉकच्या वयापासून तिने गाई पिळल्या होत्या. बरणीचं झाकण अडलं, नळ गंजून बसला, की लोक म्हणायचे, "थेल्माला बोलवा." तीच पकड पिस्तूल क्लबात मात्र तिच्या मुळावर आली होती.

दर रविवारी चर्चमधून ती थेट क्लबात जायची आणि दर रविवारी तिच्या गोळ्या निशाणाच्या कागदावरचं मधलं काळं वर्तुळ सोडून खाली डावीकडे जाऊन बसायच्या. अगदी एकमेकींना चिकटून, पण दुसऱ्याच्या घरात.

वसंतात नदीपलीकडच्या क्लबाशी सामना होता. हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्यांची भांडी घासायची, ही जुनी रीत. संघात एकच जागा उरली होती आणि थेल्माला ती हवी होती. आजवर प्रत्येक सामन्याला तिने चहाबरोबर खायचे छोटे पाव, स्कोन, भाजले, चहा ओतला. एकदा तरी टेबलापलीकडे बसून आयता चहा प्यावा, एवढीच इच्छा.

"अगं, तुझे स्कोन आहेतच की संघात," कप्तान व्हर्न म्हणाला. "तुझा मात्र भरवसा नाही. पुढच्या रविवारी गोळ्या मध्ये आल्या तर जागा तुझी. नाहीतर माझा मेहुणा."

"तुझ्या मेहुण्याला नेम धरून उभा गोठासुद्धा लागत नाही, व्हर्न."

"पण तो खाली डावीकडे तरी मारत नाही. कुठेही मारतो."

मग व्हर्नने तिची रिव्हॉल्व्हर घेतली आणि तिच्याकडे पाठ करून ती भरली. भरलेल्या गोळ्यांत त्याने एक आधीच उडालेली, रिकामी पुंगळी मिसळली होती; ती कुठे आहे हे थेल्माला कळायला मार्ग नव्हता. तिने चाप ओढला. धडाका झाला. पुन्हा ओढला, पुन्हा धडाका. तिसऱ्यांदा नुसतं खट झालं आणि धक्का बसायचं काही कारण नसताना नळी आपली आपणच खाली झुकली.

"बघितलंस?" व्हर्न म्हणाला. "चाप एका बोटाने ओढायचा असतो. तू पाची बोटांनी गाय पिळतेस, बाई."

थेल्मा आपल्या हाताकडे बघत राहिली. खरंच होतं. पहिलं बोट मिटलं की मागोमाग बाकीची मिटायची, धार काढताना मिटतात तशी.

आठवडाभर ती स्वयंपाकघरात रिकामी रिव्हॉल्व्हर धरून भिंतीवर नेम धरत होती. गोळ्या दुसऱ्या खोलीत, कपाटात कुलपाखाली.

"त्या भिंतीने तुझं काय वाकडं केलंय?" तिचा नवरा क्लिफ पेपराआडून म्हणाला.

"हात ऐकत नाही रे."

"माझंही तू कधी ऐकत नाहीस. मी सोडून दिलं."

शनिवारी सकाळी गोठ्याच्या आवारात नवं वासरू होतं. आईवेगळं केलेलं, बादलीतून दूध प्यायला तयार नव्हतं. थेल्माने नेहमीसारखं बोट त्याच्या तोंडात दिलं आणि हात हळूहळू दुधात बुडवला. वासरू चुटूचुटू चोखू लागलं. बोट अलगद वाकत होतं, सरळ होत होतं आणि बाकीचा हात झोपल्यासारखा गप्प. मूठ आवळली की वासरू दचकून पळतं, हे तिच्या हाताला कधीचं ठाऊक होतं.

ती तशीच वाकलेली राहिली. मग हसायला लागली.

"काय झालं?" क्लिफने कुंपणापलीकडून विचारलं.

"काही नाही. हे मला शिकवतंय."

रविवारी चर्चमध्ये तिने नेमासाठी काही मागितलं नाही. असल्या बाबतीत देवाला मध्ये घालू नये असं तिचं मत. वासराबद्दल तेवढे आभार मानले. मग क्लबात उभी राहिली, कानांवर आवाज अडवणारी झाकणं चढवली, पकड एकदाच बसवली आणि ती तशीच राहू दिली. बोट वासराच्या तोंडात आहे असं समजून चाप हळूहळू मागे घेत गेली. बार कधी उडाला ते तिला स्वतःलाच कळलं नाही.

कागद जवळ आणला तेव्हा व्हर्नने चष्मा पुसला. काळ्या वर्तुळात भोकंच भोकं.

"मेहुण्याला निरोप दे," थेल्मा म्हणाली. "ओव्हन कसा लावायचा ते मी सांगते."

सामना यिनाराने जिंकला, अगदी थोडक्यात. नदीपलीकडचे बाह्या सरसावून भांड्यांकडे वळले आणि थेल्मा टेबलापलीकडे ऐटीत बसली. व्हर्नच्या मेहुण्याने चहा ओतला, पुढे स्कोन ठेवले. करपलेले, दगडासारखे.

तिने डोळे मिटून देवाचे आभार मानले आणि एक तुकडा मोडला. तिची पकड होती म्हणून मोडला.

"कसा झालाय?" मेहुण्याने भीत भीत विचारलं.

"खाली डावीकडे लागलाय," थेल्मा म्हणाली. "दे अजून एक."