मुळं नसलेला भात

आमच्या बचत गटाचं भात कापायचं यंत्र कापणीचे काही दिवस चालायचं आणि उरलेलं वर्ष आजारी असायचं. कागदावर त्याचं नाव रीपर, पाड्यावर सगळे त्याला नुसतं मशीन म्हणायचे. आमचा पाडा तळासरी तालुक्यात, झरीच्या बाजूला. मी कोसबाडची, दोन हजार सोळा-सतराच्या सुमारास लग्न होऊन तिथे गेले. माहेरी भावाची स्कूटर चालवायचे, तेवढ्या पात्रतेवर सासूबाईंनी मशीनची मूठ माझ्या हातात दिली. सासूबाई गटाच्या अध्यक्ष होत्या. त्या फार बोलत नसत आणि माझ्यासमोर तर कधी हसतही नसत.

मशीन एका संस्थेकडून फुकट मिळालं होतं, पण त्याला पोसणं फुकट नव्हतं. आज पट्टा तुटला, उद्या पाती बोथट झाली, परवा बेअरिंग गेलं. प्लग तर इतक्यांदा बदलला की आमच्यातल्या निरक्षर बायकाही तो डोळे मिटून काढायच्या. कोणी कोंबड्या विकायची, कोणी चिकूच्या वाडीत रोजाने जायची, आणि त्यातून मशीनचे लाड व्हायचे. पाड्यावरचे पुरुष म्हणायचे, एवढ्या खर्चात गडी लावून भात कापून झाला असता. ते बरोबरच बोलत होते, म्हणून आम्हाला त्यांचा जास्त राग यायचा.

सुटे भाग मिळायचे वापीला, हद्दीपलीकडे गुजरातेत. सुरुवातीला एकीच्या नवऱ्याने मोटरसायकलवर जाऊन पट्टा आणला होता. तो शेताच्या दुसऱ्या बांधापर्यंतही टिकला नाही. मग त्याने स्वस्तातला उचलला की पैसे खाल्ले, यावरून बायकांत अशी जुंपली की शेवटी सासूबाईंनी नियम केला. मोठा खर्च असला की सगळ्या जणी दुकानात जाणार आणि सगळ्यांसमोर वस्तू घेणार. तेव्हापासून पट्टा तुटला की टेम्पो ठरायचा आणि त्यात आम्ही अकरा बायका कोंबून बसायचो. टेम्पोचं भाडं पुष्कळदा पट्ट्यापेक्षा जास्त व्हायचं, पण नियम म्हणजे नियम.

दुकानदार आम्हाला पाहिलं की कपाळाला हात लावायचा. अकरा जणी पट्टा ओढून बघणार, वास घेणार, उन्हात धरणार. एकदा वैतागून म्हणाला, "बेन, डुप्लिकेट लेशो तो पछी रडशो, ओरिजिनल लेशो तो आजे रडशो." आम्ही आजच रडायचं ठरवलं आणि ओरिजिनल घेतला. मग खमण खाल्लं, बांगड्यांच्या दुकानात काहीही न घेता तासभर काढला, आणि परतताना टेम्पोत एवढा गोंधळ घातला की ड्रायव्हरने दोनदा गाडी थांबवून आम्हाला गप्प केलं.

खरं सांगायचं तर मला भात कापण्यात काडीचाही रस नव्हता. मला वापी हवी होती. नव्या सुनेला घराबाहेर पडायचं तर बाजार, दवाखाना नाहीतर माहेर असं काहीतरी कारण लागतं, आणि प्रत्येक कारणाला कोणीतरी सोबतीला लागतं. मशीन मोडलं की मात्र कोणी काही विचारायचं नाही. हे मी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. सासूबाईंना तर मुळीच नाही, कारण त्यांच्या दृष्टीने मशीन म्हणजे गटाची इभ्रत, अशी माझी खात्री होती.

संस्थेची एक अट होती. दरवर्षी साहेब येऊन मशीन उभ्या भातात चालताना बघणार. बंद दिसलं तर उचलून दुसऱ्या गटाला देणार. गंजाडच्या एका गटाने मागणी करून ठेवलीच होती. एका वर्षी कापणीच्या पहिल्याच दिवशी पात्याचा दांडा मोडला. तो भाग वापीतही नव्हता, बाहेरून मागवावा लागला. तोवर पिकलेला भात थोडाच थांबतो? सगळ्यांनी विळे घेतले आणि वाकून कापून टाकला. भाग आला, बसवला, मशीन झकास सुरू झालं, आणि त्याच संध्याकाळी फोन आला की परवा सकाळी साहेब येताहेत.

पाड्याभोवती नजर जाईल तिथवर नुसती धसकटं होती. माझ्या तोंडचं पाणी पळालं. माहेरी कुठे भात उभा आहे का विचारायला भावाला फोन केला तर तो म्हणाला, "आमच्याकडे आता वांगी हायत, ती कापतेस का?" मी रागाने फोन ठेवला. एक जण म्हणाली गवत कापून दाखवू, दुसरी म्हणाली साहेब आंधळा हाय का. खळ्यात भाताचे भारे झोडणीची वाट बघत पडले होते. सासूबाई बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"लावू," त्या म्हणाल्या.

"काय लावू?"

"भात. आवणी करू. आपल्याला काय येत नाय का?"

पावसाळ्यात रोपं लावतात तशी दुसऱ्या दिवशी आम्ही कापलेल्या भाताची आवणी केली. विहिरीजवळ अंगणाएवढा ओलसर तुकडा होता, तिथे हंड्याहंड्याने पाणी शिंपलं. पाणी जास्त झालं तर मशीन रुतणार, कमी झालं तर काडी उभी राहणार नाही, म्हणून दर हंड्याला भांडण. पहिली ओळ लावून मशीन फिरवलं तर ती अख्खी उपटून आली. मग प्रत्येक चूड, म्हणजे काड्यांची जुडी, खोल खोचून टाचेने दाबायचं ठरलं. कमरेत वाकलेल्या अकरा जणी, हातात पिकलेल्या लोंब्यांच्या चुडी, आणि दिवाळी होऊन गेलेली. एका म्हातारीने सवयीने आवणीचं गाणं धरलं आणि अर्ध्या ओळीतच तिला फिस्सकन हसू आलं.

तेवढ्यात शेजारपाड्यावरचे एक काका मोटरसायकल थांबवून बघत उभे राहिले.

"आता आवणी?"

"उन्हाळी भात हाय," म्हातारी म्हणाली.

"कणसासकट?"

"यंदा घाई हाय."

काका गाडी ढकलत पुढे गेले, सुरू करायचंही त्यांना सुचलं नाही. त्यानंतर आम्हाला कोणी आवरू शकलं नाही. हसून हसून पोटात कळा आल्या. सासूबाई चिखलात बसकण मारून पदराने डोळे पुसत होत्या. त्यांना तसं पाहून मला इतका आनंद झाला की मी मुद्दाम आणखी एक चूड उलटी लावून दाखवली.

सकाळी साहेब आले. तरुण होते, बूट स्वच्छ होते. चहूकडे धसकटं आणि मधे हा एकच उभा तुकडा. "एवढाच का ठेवलाय?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यासाठी," सासूबाई म्हणाल्या.

मी दोरी ओढली. मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं आणि एका बाजूला भात निजवत चाललं. ओळ सरळ गेली. साहेबांनी फोटो काढले. मग त्यांनी सहज वाकून एक धसकट उपटलं. ते अलगद हातात आलं, खाली मुळं नव्हती. त्यांनी दुसरं उपटलं, तिसरं उपटलं. मी मशीन बंद केलं.

"भात खोटा हाय साहेब," सासूबाई म्हणाल्या. "मशीन खरा हाय. तुमी मशीन बघायला आलाव ना?"

साहेबांनी धसकट खाली ठेवलं. रागावले नव्हते, गोंधळले होते. म्हणाले, "मावशी, एवढं मोडतं, एवढा खर्च येतो, वर हा खटाटोप. देऊन का टाकत नाही? गंजाडचा गट घ्यायला तयार आहे."

मला वाटलं आता सासूबाई गटाच्या नावाचं काहीतरी बोलतील.

"साहेब, मी लगीन होऊन आले तशी या पाड्यावरून एकटी कुठं गेले नाय," त्या म्हणाल्या. "ये मशीन मोडला की आमी अकरा जणी वापीला जाताव. खमण खाताव. तुमी नेलाव तर आमाला कोन सोडल?"

मी मान खाली घातली, कारण माझे डोळे भरून आले होते आणि हसूही येत होतं. मागच्या सगळ्या जणी मातीकडे बघत होत्या. म्हणजे अकराही जणींना तेच हवं होतं, आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपणच तेवढ्या लबाड आहोत.

साहेबांनी वही काढली, 'यंत्र चालू स्थितीत' असं लिहिलं आणि आम्हाला वाचून दाखवलं. चहा घेतला. जाताना वापीतल्या खमणच्या दुकानाचा पत्ता विचारून गेले.

त्यांची गाडी वळणाआड जाईपर्यंत आम्ही उभ्या राहिलो. दुसऱ्यांदा कापलेला भात गोळा करायला बायका पांगल्या. सासूबाई मशीनपाशी आल्या आणि पट्टा अंगठ्याने दाबून बघू लागल्या.

"जरा ढिला वाटतो गं," माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

मीही दाबून बघितला. चांगला ताठ होता.

"हो आई," मी म्हणाले, "बराच ढिला आहे."