एका बाहीची शेरवानी आणि पोत्यातली स्कूटर

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. चार माणसं दर रविवारी कळंबा तलावाला फेरी मारून त्याच चहाच्या गाडीवर उभी राहिली की ते आपोआप साठतात. आमच्याकडे जरा जास्तच साठले, कारण आमच्या ग्रुपचा धंदाच विचित्र. सुरू करून सोडून दिलेली आपापली कामं पुरी करायची!

मूळ कल्पना रशीदभाईंची. ते लेडीज टेलर. एका रविवारी चहा फुंकत म्हणाले, "गिऱ्हाईक दारात उभं ऱ्हातंय म्हणून ब्लाऊज वेळेत हुतंय. माझ्या स्वतःच्या शेरवानीच्या मागं कोण उभं हाय? कोण न्हाय. म्हणून ती तशीच पडलीया."

त्यातून नियम निघाला. अर्धवट वस्तू आपल्या घरात ठेवायची नाही. आपल्या घरात ती दिसेनाशी होते. ती दुसऱ्याच्या घरी ठेवायची आणि काम करायला तिथंच जायचं. त्या घरानं वस्तूला हात लावायचा नाही, पण "कधी होणार?" असं रोज विचारायचा हक्क त्यांचा.

*

पहिली वस्तू आमच्या घरी आली, तीच शेरवानी. थोरल्या मुलाच्या लग्नासाठी रशीदभाईंनी ती शिवायला घेतली होती. थोरल्याला आता दोन मुलं आहेत. शेरवानीला मात्र एकच बाही होती.

आमच्या हिनं ती हॉलमध्येच हँगरला अडकवली. येणारा-जाणारा विचारायचा, "हे कोण?" दुसऱ्याच आठवड्यात हिनं रशीदभाईंना फोन लावला. "भाई, तुमच्या ह्या एका हाताच्या पाहुण्याला मी रोज चहा विचारते. तो काही बोलत नाही. तुम्ही तरी बोला."

त्याच दिवशी ते सुई-दोरा घेऊन हजर! धाकट्याच्या लग्नात शेरवानी घालून मिरवले. फोटोत नवऱ्यामुलापेक्षा तेच मध्ये आहेत.

*

माझी वस्तू म्हणजे बाजाची पेटी. कुणी शिकवलं नाही, माझं मीच शिकत होतो. मुखडा यायचा, अंतरा आला की बोटं अडायची. मग नवीन गाणं काढायचं. असे वीसेक मुखडे झाले होते, पुरं गाणं एकही नाही.

पेटी गेली संभाजी पाटलांकडे. आम्ही त्याला संभाच म्हणतो. कळंब्याच्या पुढं त्याचं शेत आणि म्हशींचा गोठा. सुमनवहिनींनी पेटी घरात घ्यायला नकार दिला, म्हणून ती गोठ्यात बसली आणि तिच्यापुढं मी.

आठवडाभर वहिनींनी ऐकून घेतलं. मग धारेची चरवी घेऊन समोर उभ्या राहिल्या. "भावजी, म्हशी पान्हा सोडाय लागल्या की तुम्ही थांबताय. मग त्या बी थांबत्यात. एक कायतरी शेवटापर्यंत वाजवा की."

दूध आटायला लागल्यावर अंतरा यायलाच हवा होता. आला! पुरं गाणं वाजवलं त्या संध्याकाळी मी वहिनींकडं मोठ्या आशेनं पाहिलं. त्या म्हणाल्या, "झ्याक. आता हेच वाजवायचं. दुसरं काढू नका."

*

चौथ्या आमच्या शैला मॅडम, हायस्कूलच्या शिक्षिका. त्यांच्या सासरचं निम्मं गोत कन्नड बोलणारं. कन्नड शिकायचं पुस्तक त्यांनी लग्नानंतर लगेच घेतलं होतं आणि तिसऱ्या धड्यावर खूण घालून ठेवली होती.

ते पुस्तक रशीदभाईंच्या घरी गेलं. हसीनाभाभींचं माहेर निपाणीकडचं, कन्नड सफाईदार. त्यांनी जाहीर केलं, "पुस्तक हितं हाय तवर मॅडमशी मराठी बंद."

पहिल्या दिवशी मॅडम भर दुपारी शाळेतून थेट गेल्या, पोटात कावळे. भाभींनी विचारलं, "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का. मॅडमना प्रश्न कळला, पण उत्तरात फक्त 'हो' येत होतं. तेच म्हणाल्या आणि उपाशी घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी 'इल्ला', म्हणजे 'नाही', शिकून आल्या आणि जेवून गेल्या. तिथून पुस्तक जे धावलं ते शेवटच्या धड्यावरच थांबलं.

*

आता संभाची स्कूटर. ही खरी त्याच्या वडिलांची, आबांची. बिघडली तेव्हा संभानं "मीच करतो" म्हणून ती खोलली आणि पोत्यांत भरून ठेवली. त्याला आठ वर्षं झाली. त्या दिवसापासून आबा संभाच्या मोटरसायकलवर बसले नाहीत. ऐंशी ओलांडलेला माणूस शेतावर चालत जायचा.

यंदा आबांचा गुडघा धरला. एका रविवारी ते आमच्यासमोरच संभाला म्हणाले, "अजून एक वरीस ह्या पायानं किक बसंल. फुडं मग तू स्कूटर कर न्हायतर नांगर कर."

संभानं त्या दिवशी चहा अर्धाच सोडला.

पोती एका घरात मावेनात, म्हणून वाटून घेतली. इंजिन रशीदभाईंच्या कटिंग टेबलाखाली, हँडल आणि दिवा आमच्याकडं, चाकं आणि बॉडी शैला मॅडमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत. रोज तीन घरांतून तीन फोन. संभा धार काढून झाली की निघायचा.

आणि त्यानं केलं! इंजिन रशीदभाईंकडं धडधडलं, दिवा आमच्या हॉलमध्ये पेटला, चाकं मॅडमच्या गॅलरीत गरगरली. तीन घरांत मिळून स्कूटर पुरी झाली होती. स्कूटर मात्र कुठंच नव्हती.

आता जोडायची कुठं? आबा म्हणाले, "माझ्या दारात." नियमात ते बसेना, कारण ते संभाचंही घर. मॅडम नियमावर अडल्या. शेवटी रशीदभाईंनी निकाल दिला. "घर आबांच्या नावावर हाय. म्हणजे संभाला ते दुसऱ्याचंच."

"बराबर," आबा म्हणाले. "अजून तरी."

*

गेल्या रविवारी आम्ही सगळे आबांच्या अंगणात. संभा शेवटचा बोल्ट आवळून किक मारायला पुढं झाला.

"मागं सर," आबा म्हणाले.

पहिली किक गेली. दुसरी गेली. आबांनी गुडघ्यावर हात ठेवला, संभानं मान खाली घातली. तिसऱ्या किकला धुराचा लोट उठला आणि स्कूटर सुरू झाली. सुमनवहिनींनी पदर डोळ्याला लावला आणि म्हणाल्या, "धूर लई हाय."

आबा बसले आणि शेताकडं निघून गेले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. संभा मोटरसायकल काढायला लागला, तोच आवाज आला.

आबा परतले, पायाशी एक धुळकट पोतं घेऊन. ते त्यांनी आमच्यापुढं उघडलं. आत सागवानी पाळणा होता. तीन बाजूंना कोरीव काम, गुळगुळीत घासलेलं. चौथी बाजू नव्हतीच.

"खोपीच्या माळ्यावर हुता," आबा म्हणाले. "ह्याच्या बारशाला कराय घेतलता."

पन्नाशी उलटलेला संभा हातातला पाना धरून पाळण्याकडं बघत राहिला.

आबांनी आम्हा तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं.

"बोला, कुणाच्या घरात ठिऊ?"