ब्लाउजपीसएवढी वाट

रविवार, १६ नोव्हेंबर. आजचं काम एकच: घराचा नकाशा तपासायचा, त्यावर सासूबाईंची सही घ्यायची आणि उद्या सकाळी तो इंजिनिअरच्या ऑफिसात पोचवायचा, म्हणजे तो परवानगीची फाइल टाकेल. नवागाममधलं आमचं पत्र्याचं घर पाडून दोन मजले बांधायचे, असं आमच्याकडे तीन वर्षं चाललं आहे. त्यातली अडीच वर्षं नुसती बोलण्यात गेली.

जागा सासूबाईंच्या नावावर. सासरे खान्देशातून इथे लूमवर कापड विणायच्या कामाला आले आणि इथेच राहिले. ते गेले तेव्हा कागद सासूबाईंच्या नावावर झाला. म्हणून सही त्यांचीच.

नकाशा शुक्रवारी आला. नवरा आणि दीर, दोघांनी दोन दिवस फक्त समोरच्या बाजूचं रंगीत चित्र पाहिलं. बाल्कनीला काच लावायची की स्टील, यावर तीनदा चहा झाला. आतल्या रेघा कोणी वाचल्या नव्हत्या. जेवणं झाल्यावर खरकटी भांडी ठेवतात तशा त्या माझ्यासाठी ठेवल्या होत्या.

मला नकाशातलं काही कळतं असं नाही, पण घर कसं वापरतात ते कळतं. कागदावर बोट ठेवून मी एकेका दारातून आत गेले. स्वयंपाकघराचं दार उघडलं की फ्रिजवर आपटत होतं. ओट्यावर खिडकी होती, पण ती जिन्यात उघडत होती, म्हणजे फोडणीचा धूर वरच्या मजल्याला. मी लाल पेनाने फुल्या मारत मागच्या भागात पोचले.

मागे सासूबाईंची खोली. दिवाळीआधी त्या मोरीत पडल्या, तेव्हापासून वॉकर घेऊन चालतात. नव्या घरात काय हवं, असं मी सगळ्यांना विचारलं होतं. प्रत्येकाची यादी होती. त्या एवढंच म्हणाल्या, "माले काही नको माय. रातले संडासले जावानी वाट दे, बस."

ती वाट मी इंजिनिअरला बजावून सांगितली होती आणि त्याने ती काढलीही होती. एका बाजूला त्यांची खोली, तीन मीटर. मग वाट, ऐंशी सेंटिमीटर, शेवटी संडास. पलीकडे दिराचं स्टोअर, अडीच मीटर. दीर कापड मार्केटात फोल्डिंगला, म्हणजे साड्या मोजून घड्या घालायच्या कामाला आहे आणि घरी साड्यांचे गठ्ठे आणून गल्लीतल्या बायकांना लेस लावायला देतो. त्याचं ते सामान. खाली एकूण रुंदी लिहिली होती: सहा मीटर तीस.

तिथे माझं बोट थांबलं. मागच्या बाजूला दोन शेजाऱ्यांच्या भिंतींमध्ये आमची वाळत घालायची दोरी आहे. अकरा वर्षं मी तिच्यावर साड्या घालते. साडी लांब पसरली की एक टोक या भिंतीला, दुसरं त्या भिंतीला टेकतं. बोटभर जागा उरत नाही. आणि माझी साडी काही सहा मीटर तीस नाही.

"भाऊ," मी दिराला विचारलं, "मागचं माप कोणी दिलं?"

"मीच." तो मोबाइलमध्ये होता. "का?"

"कशाने मोजलं?"

"टेप तीन मीटरचा, तोही मधेच अटकतो. मागे सगळं सामान. म्हटलं कशाला झंझट. दोरीवर तुमची साडी होती, ती ताणली. बरोबर एक साडी बसली, वहिनी. एक इंच इकडे नाही की तिकडे."

"आणि साडी किती?"

"अठरा वर्षं फोल्डिंग करतो मी. साडी म्हणजे सहा-तीस. झोपेत विचारा."

"ब्लाउजपीससकट."

"मग? ब्लाउजपीससकटच असते."

"तुमच्या टेबलावर. मी नेसते त्या साडीचा ब्लाउजपीस कापून शिंप्याकडे जातो, भाऊ. वाळत असते ती साडेपाच मीटर."

त्याने मोबाइल खाली ठेवला. नवरा मोठ्याने हसला. खाटेवरून सासूबाई म्हणाल्या, "जलमभर साड्या मोज्यात, पन नेसनारीले नही इचारं."

हसणं संपल्यावर मी त्यांना हिशेब दाखवला. जागा ऐंशी सेंटिमीटरने कमी आहे. आणि नकाशावर ऐंशी सेंटिमीटरची एकच गोष्ट आहे.

मी इंजिनिअरला फोन लावला. तो एकदा आला होता, समोरून आणि बाजूने मोजून, मागचे गठ्ठे बघून परत गेला होता. "बेन, माप तो तमारा दियरे मोकल्युं हतुं," तो म्हणाला. माप दिरानेच पाठवलं होतं, तेही खरंच. दिराने साडी ताणली हे खरं, साडी बरोबर बसली हेही खरं. सगळे खरं बोलत होते आणि घर मात्र खोटं निघालं होतं. "कागळ पर तो बधुं बेसे छे," कागदावर तर सगळं बसतंय, असं म्हणून त्याने फोन ठेवला.

"जाऊ दे ना," नवरा म्हणाला. "उद्या फाइल टाकू. बांधताना अ‍ॅडजस्ट करू."

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. बांधताना गवंडी विचारतो, यातलं काय कमी करू? उत्तर तिथे जो उभा असतो तो देतो. सासूबाईंना तिथे उभं राहता येणार नाही.

"आई स्टोअरमधून जाईल की," दीर म्हणाला. "मधे थोडी जागा सोडू."

मी वॉकर उचलला आणि त्याच्या हातात दिला. "जाऊन दाखवा."

त्याचे गठ्ठे पडवीत रचलेले होतेच. त्यांच्या मधून तो निघाला. तिसऱ्या पावलाला वॉकरचा पाय एका गठ्ठ्याच्या सुतळीत अडकला. तो वाकून सोडवायला लागला. चाळिशीचा धडधाकट माणूस, दिवसाढवळ्या.

"आता हेच रात्री," मी म्हटलं. "आणि घाईत."

त्याने वॉकर आणून खाटेशेजारी ठेवला. सासूबाई म्हणाल्या, "मनी खोली कमी करा. माले खाटपुरती जागा बस." आणि पेनासाठी हात पुढे केला. "आन, सही करी देस मी."

दिवसभरात मला सर्वांत जास्त राग आला तो इथे. त्यांनी काही मागायचं नाही, म्हणजे आम्ही काही दिलं नाही हे कोणाला कळत नाही. ही आमच्या घरातली जुनी सोय आहे. खोली कमी केली तर खाटेशेजारी वॉकर वळणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. मी पेन माझ्याकडेच ठेवलं आणि नकाशा गुंडाळून कपाटात टाकला. सही होणार नाही म्हटल्यावर दोघे भाऊ माझ्याकडे असे बघायला लागले, जणू साडी मीच आखूड केली.

सोमवारी सकाळी सात वाजता मी गल्लीतल्या गवंड्याकडून लांब टेप आणला. दीर डबा घेऊन मार्केटला निघाला होता. त्याचा डबा काढून घेतला आणि टेपचं एक टोक हातात दिलं. पाच मीटर अठ्ठेचाळीस. धुऊन धुऊन साडीसुद्धा बोटभर आटली होती. मग लाल पेन त्यालाच दिलं आणि म्हटलं, खोलीला हात लावायचा नाही, वाटेला लावायचा नाही, आता लिहा. त्याने स्टोअरमधले अडीच मीटर खोडले, एक मीटर अडुसष्ट लिहिलं आणि चप्पल घालता घालता म्हणाला, "गठ्ठे वर चढवावे लागतील."

"तुमचे पाय चांगले आहेत," मी म्हटलं.

सासूबाईंना सांगितलं, सही नवा कागद आल्यावर. मग पोहे झाकून ठेवले, नकाशा पिशवीत घातला आणि इंजिनिअरचं शटर उघडायच्या आधी त्याच्या पायरीवर जाऊन बसले.