मागच्या पायांचे खिळे

गाडीत बायकांनी मागे तोंड करून बसायचं, अशी आमच्या घरची रीत होती. पुढे मामंजी कासरा धरून, त्यांच्याशेजारी आमचे हे, मध्ये केळीचे घड आणि अगदी शेवटी पाय खाली सोडून मी. पदर नाकापर्यंत. त्यामुळे गाडी कुठे चालली आहे ते मला कधी दिसलं नाही, मागे काय राहिलं तेवढंच दिसायचं. त्या बसण्यातून एकदा जे झालं ते लिहून ठेवते. तोंडाने सांगायला मला जमलेलं नाही.

आमचं गाव खकनारच्या बाजूला. माल बुऱ्हाणपूरला न्यायचा तर तापी ओलांडावी लागे. नदीत उतरायला दगडी फरशीचा उतार होता आणि खाली पाण्याजवळ एक वळण. संस्थानं विलीन होण्याची ती वर्षं होती. वरच्या संस्थानी मुलखातले नवे व्यापारी शहरात येऊ लागले, केळीला गिऱ्हाईक वाढलं, तशा आमच्या बाजूच्या गाड्याही वाढल्या. नदीतून वर येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या चाकांतून, बैलांच्या पोटांवरून पाणी निथळायचं. भर उन्हाळ्यातसुद्धा तो उतार ओलाच.

त्या उतारावर आमचा डावा बैल घसरून बसला. गुडघा सोलला, जू वाकडं झालं, घड चेंगरले. मामंजी उतरले, त्याला उठवलं आणि ह्यांना म्हणाले, "दुसऱ्यांदा बसला हा. दम नाही राहिला याच्यात. महिनाअखेर गुरांच्या बाजारात काढून टाकू."

सासरी येऊन मला दोन वर्षं झाली होती, पण मी कुणाशी धड बोलत नसे. या बैलाशी बोलायचे. सरकी चारताना माहेरचं सगळं त्याला सांगायचे आणि तो कान हलवत ऐकायचा.

गाडी पुढे निघाली तेव्हा मागची फरशी माझ्या डोळ्यांसमोर होती. पुढच्या खुरांना नालेसारख्या ठोकलेल्या लोखंडी पत्र्यांनी दगडावर पांढरे ठिपके उठवले होते, एकेक वेगळा. मागच्या पायांचे मात्र हातभर लांब चिखलाचे पट्टे होते. पुढचे पाय धरत होते, मागचे नुसते वाहत होते.

संध्याकाळी गोठ्यात मी धीर केला.

"ऐकता का? बैल थकला नाही."

"मग काय, मी थकलो?"

"त्याच्या मागच्या पायांना पत्र्या नाहीत. तेच सटकतात. फरशीवर पट्टे पडले होते, मी पाहिले."

"बाप्पा! तू नालबंदाच्या घरून आली का काय?"

"मी मागे तोंड करून बसते ना. तुम्ही दोघं पुढे बघता."

हे हसले. मग त्यांनी बैलाचा मागचा खूर उचलून पाहिला. आमच्याकडे पुढच्याच पायांना पत्र्या मारत. शहराकडच्या लोधीपुऱ्यातला नालबंद म्हणायचा, "पाटील, जोर तो अगले पाँव का." सपाट रस्त्याला ते खरंच होतं. पण उतारावर गाडी मागून ढकलते आणि बैलाला मागच्या पायांवर बसून तिला थोपवावं लागतं, हे कुणी हिशेबात धरलंच नव्हतं.

दोन्ही बैल घेऊन हे लोधीपुऱ्याला गेले आणि मागच्या पायांना पत्र्या मारून आणल्या. दगडाला धरावेत म्हणून खिळे चांगले उंच डोक्याचे घेतले, चारी पायांना. मीही खूश झाले. पुढच्या खेपेला बैल त्या उतारावर खांबासारखे उभे राहिले. पण वळणावर गाडीचं बूडच सरकलं. मागची बाजू माझ्यासकट फिरली आणि चाक काठाच्या दगडावर आदळलं.

"वा!" मामंजी म्हणाले. "आता बैल उभा अन् गाडी पळते! कुणाची अक्कल रे ही?"

"नालबंदाची," हे नदीकडे बघत म्हणाले.

मी पदराआड हसू दाबलं, पण घरी येईपर्यंत विचार करत राहिले. बैलांची पकड वाढली, चाकांची तेवढीच राहिली. चाकांवरची लोखंडी पट्टी, धाव, झिजून आरशासारखी झाली होती. एक टोक घट्ट धरलं की दुसरं सुटतं. दोन्हीकडे सारखं धरलं पाहिजे. ह्यांना मी तसं सांगितलं. ह्यांनी कानस घेऊन खिळ्यांची डोकी निम्मी उतरवली आणि मी अंबाडीचा जाड दोर वळायला बसले.

गुरांच्या बाजाराचा दिवस आला. डावा बैल विकून येताना दुसरा आणायचा, असं मामंजींचं ठरलेलं. उताराच्या तोंडाशी गाडी थांबली तशी मी खाली उतरले. मामंजींच्या देखत, चारचौघांच्या देखत. आऱ्यांमधून दोर घालून दोन्ही चाकांच्या धावेवर वेढे देत गेले, आणि गाडीचं बूड हलकं व्हावं म्हणून मागचे चार घड उचलून पुढे सारले.

मागच्या गाडीवाल्याला राहवलं नाही. "पाटील, चाकांनापण लुगडं नेसवता का आता?"

सगळे खदखदले. मला वाटलं, मामंजी आता मला ओरडतील. ते त्या माणसाकडे वळून म्हणाले, "तुझी उघडी गाडी नीट उतरव, मग दात काढ."

त्यांनी कासरा हातात घेतला. मी गाडीत चढले नाही, बाजूने चालले. बैल मागच्या पायांवर किंचित बसले, जू मानेवर आलं, दोर दगडावर करकरला. वळणावर डाव्याने पाय रोवला, गाडी त्याच्या मागून ओळीत फिरली आणि पाण्यात उतरली. कुठे धक्का नाही, हिसका नाही. डावा बैल थांबून पाणी प्यायला लागला.

बाजारात दलाल आला आणि डाव्या बैलाचे दात बघायला लागला.

"हात काढ," मामंजी म्हणाले. "विकायचा नाही."

"परवा मला निरोप धाडला तेव्हा तर तुम्हीच म्हणत होता, दम नाही," दलाल म्हणाला.

"दम होता. खिळे आमचे चुकले होते."

मग माझ्याकडे न बघताच, पण मला ऐकू जाईल असं ते ह्यांना म्हणाले, "पुढच्या वेळी नालबंदाकडे जाशील तर हिला घेऊन जा."

मी गेले. नालबंदाने खिळ्यांची डबी ह्यांच्यासमोर उघडली. ह्यांनी ती माझ्याकडे सरकवली. मी उंच डोक्याचे बाजूला केले, चपटे बाजूला केले आणि मधले वेचून त्याच्या हातावर ठेवले.